सॉफ्टवेअर करून घ्यावं की माणसं शिकवावीत? गोव्यातल्या छोट्या संस्थांसाठी

गेल्या वर्षभरात डिचोली आणि सत्तरीतल्या तीन संस्थांच्या कार्यकर्त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. सगळा कारभार कॉम्प्युटरवर आणायचा आहे, तर कुणाकडून तरी स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घ्यावं, की आहेत त्या माणसांना गूगल शीट आणि टॅली (हिशेबाचं तयार सॉफ्टवेअर) नीट शिकवावं? मी एका वाचनालय आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या संस्थेचा खजिनदार आहे. आम्ही आधी पहिली वाट धरली, मग दुसरी. म्हणून जे दिसलं ते मोकळेपणाने लिहितो.

आधी गरज कशाची आहे ते पाहा. ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थेला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणग्यांचं विवरण आयकर खात्याच्या फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेच्या आत भरावं लागतं. मग प्रत्येक देणगीदाराला फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, जातं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. त्यात नाव, पत्ता, रक्कम, देणगी कशी आली आणि पॅन किंवा आधारसारखा एखादा ओळख क्रमांक लागतो. कार्बन घालून लिहिलेल्या पावती पुस्तकात यातलं निम्मं सापडत नाही. आमच्याकडे एकच देणगीदार तीन नावांनी होता. एकदा देसाई, इंग्रजीत एका ‘एस’ने. एकदा दोन ‘एस’ने, जसं त्यांच्या घरच्या जुन्या कागदांवर आहे. आणि एकदा नुसता वाड्याच्या नावाने, कारण पावती फाडणारा त्यांना तसाच ओळखत होता. हे तिघे एकच आहेत हे कुठल्याही सॉफ्टवेअरला कळणार नाही. ते टेबलापाशी बसणाऱ्या माणसाला कळतं, आणि म्हणूनच मला माणसापासून सुरुवात करावीशी वाटते.

तरी बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरची बाजू आधी मांडतो. पावती छापली की नोंद आपोआप होते, बेरीज चुकत नाही, पॅनशिवाय पुढे जाता येत नाही अशी अट घालता येते. संस्थेची चार-पाच केंद्रं असतील, सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतले, दोन-तीन प्रकल्प असतील आणि प्रत्येक कंपनीला वेगळा अहवाल द्यायचा असेल, तर शीटवर ते पेलणं अवघड आहे. तिथे पैसे खर्च करावेत असंच मी सांगेन. नव्याने बनवण्याआधी ईआरपीनेक्स्ट बघावं. ते मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, संस्थेचा सगळा कारभार सांभाळणारं मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर आहे, आणि एक माणूस सोडून गेला तर दुसरा सापडण्याची शक्यता तिथे जास्त.

आमचं काय झालं ते सांगतो. आम्ही गोव्याबाहेरच्या एका छोट्या फर्मकडून काम करून घेतलं. त्यांनी महाराष्ट्रातल्या विश्वस्त संस्थांसाठी आधी केलेलंच थोडं बदलून दिलं. त्यातले अहवालांचे नमुने महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे जे सादर करतात, तसेच होते. महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त कायदा गोव्याला लागू नाही, आमची संस्था १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली जिल्हा निबंधकांकडे नोंदलेली आहे. त्यामुळे ते नमुने आमच्या काही कामाचे नव्हते. दुसऱ्या वर्षी आमचं काम बघणारा मुलगा ती नोकरी सोडून गेला. देखभालीचे पैसे भरलेले असूनही दुरुस्तीला दोन-दोन महिने लागू लागले. शेवटी आम्ही माहिती परत मागितली तेव्हा ती पीडीएफमध्ये मिळाली. ४१२ नोंदी आम्ही पावसाळाभर पुन्हा हाताने टाइप केल्या. करारात ‘सर्व माहिती एक्सेलमध्ये, मागू तेव्हा’ एवढं एक वाक्य असतं तर हे टळलं असतं. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर ते वाक्य घातल्याशिवाय सही करू नका.

दुसऱ्या वाटेला खर्च कमी, पण वेळ आणि चिकाटी भरपूर लागते. गूगल नोंदणीकृत संस्थांना पडताळणीनंतर वर्कस्पेस (संस्थेच्या नावाचा ईमेल, शीट, ड्राइव्ह) मोफत देतं. मोफत मिळालेलं कायम राहतंच असं नाही, हेही ध्यानात असू द्या. मायक्रोसॉफ्टने संस्थांना मोफत दिलेले बिझनेस प्रीमियमचे (त्यांच्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या एका योजनेचे) १० परवाने जुलै २०२५ नंतरच्या नूतनीकरणापासून बंद केले. हिशेबाला टॅली, कारण तुमचा सीए तेच मागणार. सत्तरीतल्या वाड्यांवर सर्वेक्षण करायचं असेल तर गूगल फॉर्मपेक्षा कोबोटूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं साधन बरं, रेंज नसताना फोनवर भरता येतं आणि सिग्नलमध्ये आल्यावर पाठवता येतं. प्रश्न मराठीत घालता येतात.

शिकवायचं कुठे, हाच खरा निर्णय आहे. नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा सीसीसी हा प्राथमिक संगणक अभ्यासक्रम ८० तासांचा आहे. विशीतल्या मुलीला पुढे नोकरीसाठी तो उपयोगी पडेल. पण पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या ग्रंथपाल बाईंना संगणकाचे भाग पाठ करून काय करायचं? त्यांना हवी होती ती वाचनालयाची वर्गणी थकलेल्यांची यादी. आम्ही शिक्षकालाच कार्यालयात बोलावलं, सहा शनिवार, दोन-दोन तास, सराव आमच्याच पावत्यांवर. पहिला शनिवार श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये गेला. जुन्या सभासदांच्या याद्या त्या फाँटमध्ये होत्या, शीटमध्ये चिकटवल्या की नुसती अगम्य चिन्हं. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येणाऱ्या मराठीत, आणल्यावर बाईंनी शोधपेटीत ‘मुळगाव’ टाइप केलं आणि तिथले सगळे सभासद एका खाली एक आले. त्यांनी दोनदा पुन्हा करून पाहिलं. त्यानंतर त्या एकही शनिवार चुकल्या नाहीत.

या वाटेतला मोठा धोका व्हॉट्सअ‍ॅपचा. शिवणवर्गाच्या बायकांच्या आधार कार्डांचे फोटो आमच्या गटात महिनोन् महिने पडून होते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली ती जबाबदारी संस्थेवर येते. कायदा बाजूला ठेवला तरी त्या बायकांनी तो कागद विश्वासाने दिलेला असतो. म्हणून एक शनिवार फक्त यालाच द्या: कुणाची कुठली कागदपत्रं कुठे ठेवायची, कुणी बघायची, काम झालं की पुसायची कधी.

आणि एकालाच शिकवू नका. एक माणूस शिकला की पासवर्ड त्याच्याकडे, युक्त्या त्याच्याकडे, आणि तो रजेवर गेला की संस्था बंद. सॉफ्टवेअरवाला सोडून गेल्यावर जे झालं तेच घरच्या माणसाच्या बाबतीतही होतं. दोघींना बसवा, वर्षातून एकदा कामं अदलाबदल करा.

दहाच्या आत कर्मचारी आणि वर्षाला हजाराच्या आत पावत्या असतील तर मी दुसरीच वाट सांगेन. सुरुवात चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर करा. जून-जुलैत वीज जाते-येते, आणि चवथीच्या आधी कुणाचं लक्ष लागत नाही. ऑक्टोबरात बसलात तर डिसेंबरपर्यंत याद्या साफ होतात, जानेवारीपासून नव्या पावत्या थेट शीटवर, आणि मार्चअखेरीस पॅन न दिलेल्या देणगीदारांना फोन करायला हातात दोन महिने उरतात.