एल्फ म्हणून विकलेलं पिल्लू

मला दहा दिवसांत कळलं नाही ते आईच्या हाताला एका मिनिटात कळलं. मांजराच्या पिल्लाला मांडीवर घेऊन तिने पाठीवरून उलटा हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, ह्याला केस आहेत. कुणीतरी काढलेत. तुझं जावळ काढल्यावर डोकं अस्संच टोचायचं हाताला."

आम्ही टोरांटोशेजारी ब्रॅम्प्टनला राहतो. लेकीला मांजर हवं होतं, नवऱ्याला मांजराच्या जवळ गेलं की शिंका येतात, म्हणून मी बिनकेसांचं मांजर शोधू लागले. (तिथेच पहिली चूक. ही ॲलर्जी केसांची नसतेच. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात एक प्रथिन असतं, त्याची असते, आणि ते बिनकेसांच्या मांजरातही असतं.) स्फिंक्स जातीची गोष्ट सुरू झाली ती इथेच, १९६६ साली टोरांटोत जन्मलेल्या एका बिनकेसांच्या पिल्लापासून. एल्फ म्हणजे स्फिंक्स आणि अमेरिकन कर्लचा संकर: अंगावर केस नाहीत आणि कान मागे वळलेले. लेक फोटो बघूनच वेडी झाली.

जाहिरातीत एल्फचं पिल्लू ९०० डॉलरला होतं. बाकी सगळे नुसत्या स्फिंक्सचेच दोन-अडीच हजार सांगत होते. तरी मी फसले, कारण त्या माणसाला माहिती खरी होती. बिनकेसांच्या मांजराचं तेल शोषून घ्यायला केस नसतात, ते अंगावर साचतं, चादरीला डाग पडतात, म्हणून आठवड्याला अंघोळ घालायची, कानातला मळ पुसायचा, थंडीत स्वेटर घालायचा, हे सगळं त्याने इतक्या मायेने समजावलं की पुढचंही खरंच वाटलं. ३०० डॉलर ई-ट्रान्सफरने आगाऊ घेतले. घरी दुसरी मांजर व्यायलीय म्हणून एका मॉलच्या पार्किंगमध्ये बोलावलं. पिल्लाची आई दाखवा म्हटलं तर मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कान सरळ कसे? "तीन-चार महिन्यांनी वळतात." सीएफएचं, म्हणजे मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेट पोस्टाने येईल म्हणाला. उरलेले ६०० मी रोख दिले.

घरी आल्यावर पिल्लू अंघोळीला किंचाळायचं. काखेत लालसर चट्टे होते. मला वाटलं, कातडी कोवळी आहे. मी त्या जखमांवर शांपू चोळत होते, हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

आईने सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. मागच्या पायाच्या घडीत ब्लेडचे तीन बारीक कापे आणि पोटावर केस काढायच्या क्रीमने भाजल्याची खूण. पिल्लू साधं, घरगुती मांजराचं. कान वळायचे असतील तर जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच वळायला लागतात. आठ आठवड्यांचं पिल्लू सरळ कानांचं असेल तर ते सरळच राहतं. आणि सीएफए एल्फला जात म्हणून मानतच नाही, मग सर्टिफिकेट कुठून येणार? २०१७ मध्ये कॅनडातल्याच अल्बर्टा प्रांतातूनही अशीच बातमी आली होती. स्फिंक्स म्हणून घेतलेल्या पिल्लांना घरी नेल्यावर केस आले होते. पिल्लू घ्यायच्या आधी मी ती बातमी वाचली असती तर!

कुणी घेणार असाल तर पिल्लाची आई तिच्या घरी जाऊन डोळ्यांनी बघा, व्हिडिओवर नको. हनुवटीखाली आणि मांडीच्या आत उलटा हात फिरवा. खऱ्या स्फिंक्सची कातडी पीचच्या सालीसारखी मऊ लवेची असते, गरम लागते, चेहऱ्यावर आणि पायांवर घड्या असतात. खुंट टोचले तर तिथूनच परत फिरा. आईबापाच्या हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मागा. स्फिंक्समध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, त्यामुळे मनापासून पैदास करणारा माणूस तो रिपोर्ट स्वतःहून दाखवतो. आणि उरलेले पैसे डॉक्टरांनी पिल्लू तपासल्यावरच द्या.

त्या माणसाचा नंबर आता बंद आहे. ई-ट्रान्सफर एकदा खात्यात जमा झाली की परत येत नाही, असं बँकेने सांगितलं. पोलिसांत तक्रार दिली आहे, सगळे मेसेज जपून ठेवलेत.

पिल्लू आमच्याकडेच आहे. नवरा ॲलर्जीची गोळी घेतो. महिन्याभरात करड्या पट्ट्यांचा दाट बोका झालाय, आई त्याला मन्या म्हणते. पोटावर रुपयाएवढी एक जागा आहे, तिथे अजून केस आलेले नाहीत. तिथे तो कुणालाच हात लावू देत नाही.