बाटल्यांचं मणी-मेण: दोन वर्षं वापरल्यावर

मुलगी झाली त्या हिवाळ्यात मिनियापोलिसच्या आमच्या बेसमेंटमध्ये मी पाच गॅलन इम्पीरियल स्टाउट (वर्षानुवर्षं टिकणारी काळी, कडक बीअर) केली. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला एक बाटली उघडायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं. इतकी वर्षं ठेवायची तर तोंडावर मेण हवंच, असं मला वाटत होतं.

मेण म्हणजे बूच नव्हे, हे आधी सांगतो. आतला गॅस धरून ठेवतं ते २६ मिलिमीटरचं पत्र्याचं झाकणच. झाकणाच्या आतल्या चकतीतून हवा हळूहळू शिरत असते, तिला मेणाचा थोडा अटकाव होतो. म्हणून झाकण लावायचं, तीन आठवडे गॅस धरू द्यायचा आणि मगच मेण.

पहिल्यांदा साधं मेणबत्तीचं मेण वापरलं. लहानपणी पार्सलांवर लाखेची सीलं असायची, धक्का लागला की त्यांचे टवके उडायचे. तसंच झालं. बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी खाली नुसता चुरा. मग ग्लूगनच्या कांड्या आणि मेणाचे रंगखडू एकत्र वितळवले. ते चिकटलं झकास, पण उघडताना चाकू घेऊन बसावं लागलं आणि रबरासारखे तुकडे ग्लासात पडले.

शेवटी बीअरचं सामान मिळतं त्या दुकानातून मण्यांच्या रूपातलं तयार मेण आणलं, एक पौंडाची पिशवी, गडद निळं. (लाल मुद्दाम टाळलं. ओघळणारं लाल मेण हा मेकर्स मार्क व्हिस्कीचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे, आणि मला माझी बाटली माझी दिसायला हवी होती.) चोवीस बाटल्यांना जेमतेम अर्धी पिशवी लागली.

पिशवीवर तापमान छापलेलं नाही, ही मोठी उणीव. मी रिकाम्या टिनच्या डब्यात मणी घालून डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवला. थेट आचेवर ठेवू नका, मेण पेट घेतं. बाटलीची मान कोरडी ठणठणीत हवी, जराही दमट असली की मेण सुटतं. बाटली उलटी करून झाकणाच्या खाली दोन बोटांच्या रुंदीएवढी मान मेणात बुडवायची, लगेच काढायची आणि सरळ करताना हातात फिरवत राहायचं. झाकणाच्या कडेखाली अडकलेली हवा तापून बुडबुडा येतो आणि तिथे टाचणीएवढं भोक राहतं. ते बुजवायला दुसरी बुडी द्यावीच लागते. तळाचा गाळ हलतो, पण दोन दिवसांत परत बसतो. बुडवण्याआधी झाकणाखाली सुती दोरा गुंडाळून टोक बाहेर ठेवलं होतं. ते ओढलं की मेण गोल कापलं जातं, चाकू लागत नाही.

आतापर्यंत दोन वाढदिवस झाले. दुसऱ्या वेळी याच स्टाउटची बिनमेणाची बाटलीही शेजारी उघडली. चवीत मला फरक कळला नाही. पण बेसमेंटच्या दमटपणाने बिनमेणाच्या झाकणाला कडेने गंज चढला होता, मेणाखालचं नवंकोरं निघालं. तेवढ्यासाठीसुद्धा हे मेण घ्यावं, मात्र ठेवायच्या बीअरलाच. आयपीए (हॉप्सची कडवट बीअर) ताजीच प्यायची असते, तिच्यावर पैसे घालवू नका.

उरलेली अर्धी पिशवी काल परत बाहेर काढली. धाकट्याच्या बार्लीवाइनला (हीसुद्धा ठेवायची कडक बीअरच) बाटल्यांत भरून तीन आठवडे झालेत.