मुंबई–नागपूर विमान: काही महिने ये-जा केल्यावर

नागपूरच्या मिहान उद्योग क्षेत्रात आमचं काम सुरू झालं तेव्हापासून माझं ठाणे–नागपूर चालूच आहे. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण 680 किमी, तिकिटावर वेळ दीड तास, फार तर वर पाच-दहा मिनिटं. दोन्ही आकडे खरे, पण त्यांच्या भरवशावर दुपारची मीटिंग ठेवू नका.

विमान गेटवरून हललं की तिकिटावरचं घड्याळ सुरू होतं, ते नागपूरला उभं राहीपर्यंत. हवेत आपण जेमतेम सव्वा तास असतो, बाकीचा वेळ बहुतेक मुंबईच खाते. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी वापरात एकच. सकाळी खिडकीतून पुढे विमानांच्या शेपट्यांची रांग दिसली की खुशाल डुलकी काढावी. सुटल्यावरही नाक नागपूरकडे नसतं: बहुतेकदा आधी पश्चिमेला समुद्रावर, मग वळसा घालून पूर्वेकडे. येताना मात्र घाटकोपरच्या टेकडीवरल्या निळ्या ताडपत्र्या अगदी पायाखाली दिसतात आणि लगेच चाकं टेकतात. अर्थात, त्याआधी वर घिरट्या घालायला लावल्या नाहीत तर.

हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना थोडं लवकर पोचतो आणि येताना रेंगाळतो. एवढ्याशा अंतरात फरक काही मिनिटांचाच.

घराच्या दारापासून मिहानच्या गेटपर्यंत मी पाच तास धरतो. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण खुला आहे, 701 किमी, पण आठ तास गाडी हाकून वर दिवसभर काम करणं मला तरी झेपत नाही. विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोला रात्र जाते, पण ती झोपेतच. नागपूर शहरात काम असेल तर मी आजही रेल्वेच धरेन. मिहान विमानतळाला लागूनच, म्हणून विमान परवडतं.

टॅक्सीचा नाद सोडला तेव्हापासून डोक्याचा ताप कमी झालाय. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथे मेट्रो 3 पकडली की पुढचंच स्टेशन टी2, म्हणजे टर्मिनल 2. मात्र विमान टी1 वरून आहे की टी2, हे निघण्याआधी बघाच. नागपूरला 'एअरपोर्ट' मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. उन्हाळ्यात सामान घेऊन ती पायपीट नको.

दोन तासांच्या वर उशीर झाला तर या मार्गावर खाणंपिणं देणं कंपनीला नियमाने बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय क्वचितच मिळतं, तेव्हा काउंटरवर जाऊन मागा. केबिन बॅगेला 7 किलोची मर्यादा, म्हणजे संत्रा बर्फी बेताने घ्या.

आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की भाडं असं चढतं की विचारू नका. त्या आठवड्यांत मी सरळ दुरांतोचं बुकिंग करतो, तेही तारखा जाहीर होताच, कारण मग तिथेही वेटिंग लागतं.