काजू बी घेतली, उगवण मस्त पण लेबलवर जाऊ नका

रोपं करायला ऑनलाइन काजू बी मागवली. बी एक नंबर, टपोरी, पाण्यात टाकली तर बहुतेक तळाला बसली, तरंगणारी चारदोनच, ती फेकली. रात्रभर भिजवून देठाची बाजू वर करून पिशवीत लावली, तीनेक आठवड्यात जाड जाड दोन दळं माती फोडून वर, बघायला भारी वाटतं (उंदरांनाही वाटतं, जाळी लावा). पण पाकिटावर 'वेंगुर्ला ४, जातिवंत' लिहिलंय (वेंगुर्ला ४ ही काजूची एक जात) ते काय पटलं नाय. काजूत परपरागीभवन होतं, म्हणजे दुसऱ्या झाडाचे परागकण येऊन फळ धरतं, बीपासून आईसारखंच झाड येईल ह्याची गॅरंटी कोण देणार? वेंगुर्ला ४ च पाहिजे तर सरळ कलम घ्या, फळही लवकर धरतं. खुंटासाठी (ज्या रोपावर कलम बांधतात ते) मात्र ही बी बिनधास्त घ्या. चार स्टार.