ब्लॉगर डॉट कॉम: फुकट आहे, म्हातारं झालंय, तरी मराठी ब्लॉगची सुरुवात इथूनच करा

मराठीत पहिलाच ब्लॉग काढणार असाल तर माझं मत सरळ आहे, गूगलचं ब्लॉगर घ्या, पहिल्या दिवशी तासभर सेटिंगमध्ये घाला आणि मग त्या डॅशबोर्डकडे फार बघू नका, लिहायला बसा. आता हा तास कुठे घालायचा ते कुणी सांगत नाही म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

मी पुण्यातले जुने हौद, विहिरी, वाडे असल्या विषयावर लिहिते. म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, वाटेत ठिकठिकाणी हौद बांधले, त्यातले कुठले उरले, कुठल्यांची फक्त चौकाला नावं राहिली, हे सगळं. विषय असा की घरात कुणी ऐकत नाही, म्हणून ब्लॉग. डेक्कनच्या बाजूला एका क्लासमध्ये चौकशी केली होती तर त्यांनी आधी होस्टिंग (ब्लॉग ठेवायची भाड्याची जागा), मग डोमेन (स्वतःचा वेबपत्ता), मग प्रीमियम थीम, मग एसइओचं (गूगलमध्ये वर यायच्या युक्त्यांचं) पॅकेज असं सगळं एका कागदावर लिहून दिलं, आणि लिहिणार काय आहात हे मात्र शेवटपर्यंत विचारलं नाही! नाव घेत नाही, असे क्लास गल्लोगल्ली आहेत.

ब्लॉगर १९९९ सालचं आहे, पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीने काढलेलं, २००३ मध्ये गूगलने घेतलं. इतक्या वर्षांत ते फारसं बदललेलं नाही आणि हाच त्याचा गुण आणि हाच दोष. लोक लगेच म्हणतात की गूगल कधीही बंद करेल, बघा गूगलचं रीडर २०१३ ला गेलं, ऑर्कुट २०१४ ला गेलं, गूगल प्लस २०१९ ला गेलं. भीती खोटी नाही. पण ब्लॉगर अजून चालू आहे, आणि बॅकअप घेणाऱ्या माणसाला कसली भीती, त्याबद्दल शेवटी सांगते.

आता पहिली गोष्ट, आणि ही मराठीवाल्यांनी लक्ष देऊन वाचा, पोस्टची लिंक. तुम्ही मथळा लिहिलात 'फडके हौद नक्की कुठे होता', आणि पब्लिश दाबलंत, की ब्लॉगरला त्यातलं एकही अक्षर लिंकमध्ये घालता येत नाही, कारण त्याला तिथे रोमन अक्षरं आणि आकडेच चालतात. मग तो स्वतःच्या मनाने 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे कुठलातरी आकडा अशी लिंक बनवतो. दहा पोस्ट झाल्या की दहाही लिंका सारख्याच दिसतात, कुठली हौदाची आणि कुठली वाड्याची कळायची सोय नाही, ना वाचणाऱ्याला ना गूगलला. उपाय सोपा आहे. पोस्ट लिहिताना उजव्या बाजूला परमालिंक (पोस्टची कायमची लिंक) म्हणून पर्याय असतो, तिथे कस्टम निवडायचं आणि रोमन अक्षरांत तीन-चार शब्द टाकायचे, फडके, हौद, पुणे, मध्ये डॅश. हे पब्लिश करायच्या आधी करायचं, कारण नंतर बदलायचं तर पोस्ट परत ड्राफ्टमध्ये न्यावी लागते आणि तोपर्यंत कुणीतरी जुनी लिंक पुढे पाठवलेली असते. वर्डप्रेस, म्हणजे ब्लॉग काढायचा दुसरा पर्याय, देवनागरी लिंक घेतं हे खरं, पण ती व्हॉट्सअपवर चिकटवली की टक्क्याच्या चिन्हांची आणि आकड्यांची अशी लांबलचक माळ होते की समोरच्याला वाटतं फ्रॉडची लिंक आली. म्हणजे रोमन लिंक दोन्हीकडे स्वतःच द्यायची आहे.

दुसरं सेटिंग म्हणजे मेटा टॅगखाली सर्च डिस्क्रिप्शन (शोधणाऱ्यांसाठी पोस्टचा सारांश) चालू करणं. ते चालू केल्याशिवाय पोस्टमध्ये तो रकानाच दिसत नाही. चालू केलं की प्रत्येक पोस्टला दोन ओळींचा सारांश लिहायचा, कंटाळा करायचा नाही. एचटीटीपीएस रिडायरेक्ट (ब्लॉग कायम सुरक्षित पत्त्यावर उघडण्यासाठी) पण त्याच सेटिंगच्या पानावर आहे, ते चालू ठेवा. कमेंट मॉडरेशनमध्ये 'समटाइम्स' निवडा, म्हणजे जुन्या पोस्टवरच्या कमेंट आधी तुमच्याकडे येतात आणि ताज्या लगेच दिसतात. कर्जाच्या आणि ज्योतिषाच्या जाहिराती जुन्याच पोस्टवर येऊन पडतात, त्यामुळे हे बरं पडतं.

थीमच्या बाबतीत ब्लॉगर पाचात दोन. २०१७ मध्ये ज्या नव्या थीम आल्या त्या फोटोवाल्यांसाठी बऱ्या आहेत, पण मराठी मजकुराला अक्षरं बारीक आणि ओळी दाटीवाटीच्या, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षर अठरा पिक्सेल आणि ओळींमधलं अंतर १.७ च्या आसपास ठेवलं की ज्येष्ठ मंडळी दुवा देतात, आणि वाचक तेच आहेत हे विसरू नका. फॉन्ट गूगल फॉन्ट्समधून फुकट मिळतात. 'मुक्त' नावाचा छान आहे, आणि ज्यांना मराठी वळणाचा ल आणि श हवाच असतो त्यांनी टिरो देवनागरी मराठी बघावा. ब्लॉगरच्या यादीत सगळे फॉन्ट नसतात, थीमच्या एचटीएमएलमध्ये एक-दोन ओळी चिकटवाव्या लागतात, घरातल्या कुठल्याही कॉलेजवाल्याला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

टायपिंगचं म्हणाल तर फोनवर गूगलचा कीबोर्ड जीबोर्ड, आणि बोलून टाईप केलंत तरी चालेल, फक्त नंतर र्‍हस्व-दीर्घ बघा कारण ते यंत्र 'पाणी' आणि 'पाणि' दोन्ही मनापासून लिहितं. आपल्याकडे एक खास अडचण येते, ज्यांचे लेख पूर्वी दिवाळी अंकात वगैरे छापून आलेत त्यांच्याकडे फाईल असते श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत, आणि ती ब्लॉगमध्ये चिकटवली की सगळी भुतं नाचतात. ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखं वाचलं जाणारं टायपिंग, नाही म्हणून. त्याला कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावीच लागतात. वर्डमधून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही करा, नाहीतर वर्डचा सगळा कचरा पण बरोबर येतो आणि मग अर्धा लेख एका फॉन्टमध्ये नि अर्धा दुसऱ्यात.

आता वाढवायचा कसा. इथे ब्लॉगरपेक्षा सर्च कन्सोलला, म्हणजे लोक गूगलवरून आपल्याकडे कसे येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्याच फुकट साधनाला, मार्क द्यायला हवेत. त्याच जीमेलने सर्च कन्सोल उघडायचं, ब्लॉगचा पत्ता टाकायचा, साइटमॅपच्या (ब्लॉगच्या पानांच्या यादीच्या) रकान्यात साइटमॅप डॉट एक्सएमएल लिहायचं, झालं. काही दिवसांनी लोक काय टाईप करून तुमच्यापर्यंत आले ते शब्द दिसायला लागतात, आणि ते वाचण्यासारखी करमणूक दुसरी नाही. आपण मथळा दिलेला असतो 'पुण्याची विस्मरणात गेलेली जलसंस्कृती', आणि लोक शोधत असतात 'कात्रजचा नळ', 'बदामी हौद कुठे आहे', ते पण अर्धे रोमन अक्षरांत, वाट्टेल त्या स्पेलिंगने. मग मथळा लोकांच्या शब्दांत द्या आणि तुमची जलसंस्कृती आत परिच्छेदात घाला, तिथे कुणी अडवत नाही. रोमन स्पेलिंग एकदा परमालिंकमध्ये आलंच आहे, एकदा फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटोचं वर्णन लिहायच्या जागेत) टाका, बास, त्याच्यापुढे एसइओ म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं बहुतेक नवख्या ब्लॉगला लागत नाही.

आणि विषय अरुंद ठेवा हो. 'माझ्या मनातलं' नावाचे ब्लॉग मोजायला गेलात तर पर्वतीच्या पायऱ्या कमी पडतील. पुण्याच्या जुन्या बाजारावर लिहायचंय तर तिथे रविवारी जायचं का बुधवारी, कुठल्या रांगेत काय मिळतं, फोटो काढलेले चालतात का, हे लिहा. अप्पा बळवंत चौकावर लिहायचंय तर सेकंड हँड पुस्तकं कुठल्या बोळात आणि परीक्षेच्या दिवसांत गर्दी किती वाजता कमी असते ते लिहा. नेटवर जे आधीच आहे ते परत लिहिलंत तर गूगल तुम्हाला का वर आणेल? माझ्या विषयात मी भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसते, १९१० पासूनची संस्था आहे, सदाशिव पेठेत, तिथे जे कागदात सापडतं ते नेटवर नसतं, आणि अशाच पोस्ट वर्षानुवर्षं वाचल्या जातात. प्रत्येक नव्या पोस्टमधून आपल्याच दोन जुन्या पोस्टना लिंक द्यायची सवय लावा, ब्लॉगरमध्ये संबंधित पोस्ट आपोआप दाखवायची सोय यथातथाच आहे.

ब्लॉगरचं स्वतःचं स्टॅट्स म्हणून एक पान आहे, त्यावर भाळू नका. एकदम कुठल्यातरी परदेशातून शेकड्याने वाचक आलेले दिसतात, ते वाचक नसतात, बॉट म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम असतात. हौदांबद्दल परदेशात एवढी उत्सुकता असती तर काय हवं होतं! खरे आकडे सर्च कन्सोलचे.

व्हॉट्सअपचं काय करायचं हा मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याचा खरा प्रश्न. वाचक तिथेच आहेत. लिंक टाकली तर उघडत नाहीत, अख्खा लेख टाकला तर आनंदाने वाचतात, पुढे पाठवतात, आणि तिसऱ्या ग्रुपवर पोचेपर्यंत खालचं नाव गेलेलं असतं. चौथ्या ग्रुपवरून तोच लेख आपल्याच मावशीकडून 'वाच गं, तुझ्या आवडीचा विषय' म्हणून परत येतो, लेखक अज्ञात. हे थांबवता येत नाही, पण कमी करता येतं. मी आता ग्रुपवर लेखाचे पहिले दोन परिच्छेद देते, नेमका उत्सुकता लागेल तिथे तोडते आणि लिंक टाकते. पोस्टमध्ये पहिला फोटो चांगला आडवा ठेवा, लिंकबरोबर तोच दिसतो, फोटो नसेल तर नुसती कोरी लिंक जाते आणि ती कुणी दाबत नाही. ब्लॉगचं नाव लेखाच्या शेवटी न टाकता मध्येच एखाद्या वाक्यात गुंफायचं, 'या ब्लॉगवर मागे नाना हौदाबद्दल लिहिलं होतं' अशा थाटात नाव घेऊन, ते काढायला लोक कंटाळतात. फोटोवर कोपऱ्यात नाव टाका. आणि कुणी अख्खी पोस्ट स्वतःच्या ब्लॉगवर चिकटवली तर गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म आहे, तो भरा, भांडत बसू नका. म्हणजे भांडा, पण फॉर्म भरून मग.

ईमेलने नवी पोस्ट पाठवायची सोय मात्र ब्लॉगरने घालवली, आधी 'फॉलो बाय ईमेल' होतं ते २०२१ मध्ये बंद झालं. ही मोठी उणीव आहे आणि इथे वर्डप्रेस डॉट कॉम सरळ पुढे आहे. पर्याय म्हणून बाहेरची एखादी न्यूजलेटर सेवा जोडता येते किंवा व्हॉट्सअप चॅनल काढता येतो. चॅनल आपल्या वाचकांना जास्त सोयीचा.

पैशांचं विचारणार हे माहितीच आहे. अ‍ॅडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरातींची सेवा, मराठी ब्लॉगला मिळतं, ब्लॉगरमधूनच अर्ज करता येतो. पण १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, आणि त्याआधी १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला पिनचं पत्र पोस्टाने येतं. वाड्यात राहत असाल तर पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवा. हौदांवर लिहून घर चालत नाही, पण जाहिराती लावून पान इतकं भरू नका की लेख शोधावा लागेल.

डोमेन घ्यायचं का? घ्या, पण सहा महिने नेमाने लिहून झाल्यावर. ब्लॉगर स्वतःचं डोमेन जोडायला पैसे घेत नाही, सुरक्षित कनेक्शनचं सर्टिफिकेट पण फुकट, डोमेनवाल्याकडे दोन सीनेम नोंदी (पत्ता कुठे वळवायचा ते सांगणाऱ्या) टाकायच्या, आणि जुन्या ब्लॉगस्पॉटच्या (ब्लॉगरच्या फुकट पत्त्याच्या) लिंका आपोआप नव्या पत्त्यावर जातात, त्यामुळे घाई नाही. फक्त डोमेन विकत घेताना पहिल्या वर्षाची किंमत न बघता रिन्यूअलची बघा, आमच्या ओळखीतल्या एका काकांना पहिल्या वर्षी वडापावच्या भावात डोमेन मिळालं आणि दुसऱ्या वर्षी बिल बघून ते कंपनीला मराठीतून फोन करत होते.

वर्डप्रेस कुणी घ्यावं? ज्यांना दुकान, कोर्स, सभासद वर्गणी असलं काही चालवायचंय, किंवा ज्यांना प्लगइन (जादा सोयींसाठी जोडायचे छोटे प्रोग्राम) अपडेट करत बसायला आवडतं त्यांनी. नुसतं लिहायचंय त्यांना ते जड जातं.

ब्लॉगरला माझ्याकडून पाचात साडेतीन. अर्धा मार्क थीमचा कापला, एक ईमेलचा.

आणि बॅकअप. सेटिंगमध्ये मॅनेज ब्लॉगखाली 'बॅकअप कंटेंट' आहे, तिथून सगळ्या पोस्ट आणि कमेंट एका फाईलमध्ये उतरतात, हीच फाईल उद्या वर्डप्रेसमध्ये पण चढवता येते. त्यात फोटो नसतात, फक्त फोटोंच्या लिंका असतात, म्हणून मूळ फोटो वेगळे पेनड्राईव्हवर ठेवा, फोल्डरला पोस्टचं नाव देऊन. दर महिन्याच्या एक तारखेला, वीजबिल भरता तेव्हाच उरकून टाका.