विमानाचे पंखे, शिक्क्यांचं सर्टिफिकेट आणि साठ दिवसांची चालढकल

अमेरिकेत राहून स्वतःचं छोटं विमान बांधणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान उभं करताना वैमानिक अमोल यादवांना ज्या कागदपत्रांशी झुंजावं लागलं, त्या मानाने इथे फारच सोपं आहे. किट आणा, निम्म्याहून जास्त काम छंद म्हणून स्वतः केल्याचं दाखवा, एफएए, म्हणजे इथलं विमान वाहतूक खातं, ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून परवानगी देते. आत कुठला पार्ट लावायचा हे बऱ्याच अंशी आपल्या मर्जीवर. ठग नेमके याच मर्जीवर टपून असतात.

माझं आरव्ही-७, दोन सीटचं. पॅनेलमागे रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, जीपीएस, दोन स्क्रीन असा पसारा. टेक्सासच्या उन्हात थोडा वेळ उभं राहिलं की ग्लेअरशील्डखाली, म्हणजे पॅनेलच्या वर काचेपर्यंत जाणाऱ्या झाकणाखाली, भट्टी पेटते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की या उपकरणांतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा. ग्लेअरशील्डमधले दोन पंखे ती गरम हवा वर काचेकडे ढकलतात, थंडीत काचेवर धरलेली वाफही घालवतात. जुने कुरकुरायला लागले होते, म्हणून चांगले घ्यायचं ठरवलं.

ऑनलाइन एक विक्रेता सापडला. ‘एव्हिएशन ग्रेड’, डबल बॉल बेअरिंग, रेडिओत आवाज न येण्याची हमी, वेग कळवणारी तिसरी वायर, आणि वर एफएएचा शिक्का मिरवणारं सर्टिफिकेट. जोडीचे २४० डॉलर. कार्डाऐवजी थेट खात्यात पैसे टाकले तर वीस डॉलर सूट म्हणे. मी कार्डच वापरलं.

बसवले, मास्टर स्विच टाकला. पंखे चालू केले की रेडिओचा स्क्वेल्च (एरवी खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडून खरखर, बंद केले की शांतता. विमानांचा व्हॉइस बँड ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, आणि त्यातल्या अर्ध्या फ्रिक्वेन्सींवर हा गोंधळ. विक्रेता म्हणाला, तुमचं अर्थिंग कच्चं असेल. जुने पंखे त्याच वायरींवर लावून पाहिले, खरखर नाही. मग तिसऱ्या वायरीवर मीटर लावला. काहीच नाही.

एक पंखा टेबलावर घेतला. मधलं चकचकीत स्टिकर नखाने उचललं, तर खाली दुसरं स्टिकर, कॉम्प्युटरच्या स्वस्तातल्या पंख्याचं. तेही काढल्यावर बारीक फट असलेली प्लॅस्टिकची रिंग दिसली. ती टोकदार चिमट्याने सोडवली की पाती शाफ्टसकट हातात येतात. बॉल बेअरिंग असतं तर आत स्टीलच्या दोन रिंगा चमकल्या असत्या. इथे तपकिरी, तेलकट पितळी नळी. म्हणजे स्लीव्ह बेअरिंग, ज्याचं तेल उष्णतेत आटतं आणि पंखा नेमका उन्हाळ्यात जाम होतो. आणि ती पिवळी तिसरी वायर? सर्किटपर्यंत गेलेलीच नव्हती. गोंदाच्या ठिपक्याने कडेला चिकटवलेली. पंखा बंद पडला तर कळावं म्हणून असलेली वायर, तीच शोभेची! खरं सांगतो, मला बेअरिंगपेक्षा याचा संताप जास्त आला.

आता सर्टिफिकेट. असल्या विमानात ग्लेअरशील्डच्या पंख्याला एफएएची मंजुरी लागतच नाही. मग तो कागद कशाला? किंमत फुगवायला, दुसरं काय. त्यावर टीएसओचा, म्हणजे विमानाच्या पार्टसाठी एफएएने ठरवलेल्या किमान दर्जाचा, नंबर होता, पण टीएसओधारकांची यादी एफएएच्या साइटवर कुणालाही बघता येते, आणि हे नाव तिथे नव्हतं. ‘आमचा माल उत्तम आहे’ असं स्वतःच लिहून दिलेल्या पत्राला तर रद्दीचाही भाव नाही.

पण खरी चलाखी पुढे होती. तक्रार केल्यावर गृहस्थ अगदी गोड. ‘सर, बदली पंखे निघाले.’ मग ट्रॅकिंग नंबर, जो हलेना. मग गोदामात सुट्टी, मग कस्टम्स. या टोलवाटोलवीमागे हिशोब होता. क्रेडिट कार्डाची तक्रार लेखी करायची तर कायद्याने ती, ज्या बिलात रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीकडे पोहोचावी लागते. तुम्ही सभ्यपणे वाट बघत बसलात की हा हक्क हातचा जातो. थेट खात्यात पैसे टाकणाऱ्याला तर हा रस्ताही नाही. त्यामुळे विक्रेता कितीही गोड बोलो, तक्रार आधी नोंदवा आणि मग खुशाल वाट बघा. मी मुदतीच्या आत उघड्या पंख्याचे फोटो, दोन्ही स्टिकरं आणि सगळे ईमेल जोडून पाठवले. पैसे परत आले.

नवे पंखे इलेक्ट्रॉनिक्सच्या अधिकृत वितरकाकडून घेतले, डेटाशीट वाचून. जोडीला चाळीस डॉलरच्या आसपास. बसवण्याआधी एक उघडून पाहिलाच. स्टीलच्या रिंगा होत्या, पिवळी वायरही सोल्डर केलेली होती. तो विक्रेता मात्र आता वेगळ्या नावाने तेच फोटो लावून बसलाय, फक्त किंमत २६० केलीय.