आधी जीपीएस जाकीट की व्हिडिओ?

साताऱ्यात शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या फुटबॉल संघाकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर मी व्हिडिओ निवडेन. खेळाडूने अंगात घालायचं जीपीएसचं जाकीट त्याचं अंतर, वेग, स्प्रिंट मोजतं. व्यावसायिक सामन्यात मिडफिल्डर साधारण 10 ते 12 किलोमीटर पळतो. दुखापतीतून परतणाऱ्याला किती पळवायचं, हे ठरवायला असे आकडे फार कामाचे. पण चेंडू दुसरीकडे असताना एखादा खेळाडू चुकीच्या जागी का उभा होता, हे त्यातून कळत नाही. ते दिसतं गॅलरीच्या वरच्या पायरीवरून, अख्खं मैदान मावेल अशा चित्रीकरणात. (चेंडूमागे मोबाइल फिरवणारे उत्साही काका नकोत!) 2022च्या विश्वचषकात ऑफसाइडसाठी 12 कॅमेरे सेकंदाला 50 वेळा खेळाडूंच्या जागा टिपत होते; तिथे चित्रातूनच आकडे निघाले. आपल्याला ट्रायपॉड पुरेल. रात्री क्लिपा कापत बसणारा माणूस मात्र आधी शोधा. जाकिटं पुढच्या हंगामात घेता येतील.